मळक्या चिंध्यांची वाहतूक : कायदा काय सांगतो, धोका कुठे आहे?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथला माग बंद पडला तरी त्याच्या खाली पडलेली चिंधी बंद पडत नाही. गिरणीची सूत-वेस्ट, होजियरीच्या कारखान्यातले बनियन-वेस्ट, शिवणकामाच्या कारखान्यातले कापाचे तुकडे या सगळ्या मालाला गिऱ्हाईक असते. मोटारींचे सुटे भाग बनवणारे, छापखाने, रंगकाम करणारे, फर्निचरला पॉलिश मारणारे, सगळ्यांना यंत्र पुसायला सुती कपडा लागतो. आपले कितीतरी व्यापारी भाऊ हा माल गठाणीने किंवा गोणीने कारखान्यांना देतात. त्या धंद्याबद्दल आज लिहायचे नाही. लिहायचे आहे ते त्याच चिंधीच्या परतीच्या प्रवासाबद्दल.

मागच्या महिन्यात माझा पुतण्या एक करारनामा घेऊन दुकानावर आला. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने त्याला वर्षभर पुसण्याचा कपडा पुरवायची ऑर्डर दिली होती. दर बरा होता, पैसे तीस दिवसांत. खाली बारीक अक्षरात मात्र एक कलम होते. पुरवठादाराने दर आठवड्याला वापरलेला कपडा विनामूल्य उचलून न्यावा आणि त्याची विल्हेवाट स्वतःच्या जबाबदारीवर लावावी. पुतण्या म्हणाला, "चाचा, यात तर फायदाच आहे. टेम्पो रिकामा परत येतो, तो भरून येईल. धुऊन घेतला तर निम्मा माल पुन्हा विकता येईल." मी त्याला म्हटले, "बेटा, सही करण्याआधी दोन दिवस थांब." त्या दोन दिवसांत जे कागद आम्ही चाळले, त्याचा हिशोब वाचकांपुढे मांडतो.

पण आधी एक जुनी गोष्ट. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची असावी. मी तेव्हा पंचविशीच्या आसपास होतो, धंद्यात नवा होतो आणि फुकट मिळणाऱ्या मालाचा मोठा शौकीन होतो. एका फर्निचरच्या कारखान्यातून पॉलिशच्या चिंध्यांच्या चौदा गोण्या उचलल्या. दुपारी भरल्या, वर ताडपत्री करकचून आवळली. वाटेत गाडीचा पट्टा तुटला म्हणून ड्रायव्हर रात्री एका ढाब्यावर थांबला. पहाटेच्या सुमारास ताडपत्रीखालून धूर निघू लागला. कुणी विडी टाकली नव्हती, वायर शॉर्ट झाली नव्हती, इंजिनही तासन्‌तास बंद होते. ड्रायव्हरने गोण्या हाताने ओढून खाली फेकल्या. गाडी वाचली, त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी गेली. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण पुढचे तीन महिने तो स्टिअरिंग धरू शकला नाही. त्या वेळी मी सगळ्यांना सांगत फिरलो की कुणीतरी जळती काडी टाकली असणार. खरे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले.

कारण असे. पॉलिशमध्ये जवसाचे तेल असते. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता सोडते. चिंधी दोरीवर पसरलेली असेल तर ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. तीच चिंधी बोळा करून गोणीत कोंबली तर सुती कपडा रजईसारखे काम करतो. आतली गरमी बाहेर जात नाही, गरमीने क्रिया आणखी वेगाने होते, आणखी गरमी तयार होते. काही तासांत आतला कापूस पेट घेतो. म्हणून अशी आग बहुधा माल भरताना लागत नाही, रात्री लागते, जेव्हा जवळ कुणी नसते.

आता यातली गंमत पाहा. जवसाच्या तेलाची वाफ ठिणगीने पेट घ्यायला तेल दोनशे अंशांच्या वर तापावे लागते. म्हणून कारखान्याचा माणूस छातीठोकपणे सांगतो की हे तेल 'पेटणारे' नाही. त्याचे म्हणणे डब्यातल्या तेलाबद्दल खरे आहे, चिंधीतल्या तेलाबद्दल खोटे आहे. याउलट थिनरमध्ये असणारे टोल्युइन चार अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी वाफ सोडते, म्हणजे आपल्या मुलुखात बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असते. बंद टेम्पोच्या तळाशी ती पाण्यासारखी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. जवसाच्या चिंधीला ठिणगी लागत नाही, थिनरच्या चिंधीला लागते. साध्या खनिज तेलाने, म्हणजे वंगणाने भिजलेली चिंधी आपोआप पेटण्याचा धोका पुष्कळ कमी, पण एकदा पेटली की विझायला हट्टी. आणि तेजाबाने, विशेषतः नायट्रिक अॅसिडने भिजलेली चिंधी थिनरच्या चिंधीबरोबर एकाच पिंपात टाकणे म्हणजे घराला स्वतः काडी लावणे.

जवसाच्या चिंधीने काय होऊ शकते याचा दाखला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आहे. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री तिथल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकूडकाम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच ठेवल्या होत्या. आग जवळजवळ १९ तास जळत राहिली, अग्निशामक दलाचे तीन जवान गेले. शेवटी तिसाव्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते म्हणून ती तिथे अडली. एवढ्या मोठ्या इमारतीची ही गत, तर आपल्या पत्र्याच्या गोदामाचे काय सांगावे?

आता कायद्याकडे वळू. १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. ते २००८ मध्ये बदलले आणि पुन्हा ४ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम निघाले. त्यांचे नाव लांबलचक आहे, आपण त्यांना २०१६ चे घातक कचरा नियम म्हणू. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत उद्योगवार यादी आहे. तिथे ३३.२ क्रमांकावर आपली चिंधी बसली आहे : दूषित सुती चिंध्या आणि साफसफाईचे इतर साहित्य. तेव्हा "हा तर साधा भंगार माल आहे" ही सबब कुणी सांगू नये. नव्या कोऱ्या चिंधीची गठाण हा व्यापाराचा माल आहे. तीच चिंधी रसायनाने मळली की ती कायद्याच्या दुसऱ्याच खान्यात जाते. कापड तेच, पण चलन निराळे, गाडी निराळी, ड्रायव्हरही निराळा.

सहाव्या नियमाप्रमाणे असा कचरा निर्माण करणे, गोळा करणे, साठवणे, बांधणे, वाहून नेणे, त्यावर प्रक्रिया करणे, तो विकायला काढणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे यांपैकी काहीही करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते. अर्ज नमुना एकमध्ये करायचा असतो आणि प्राधिकारपत्र पाच वर्षांसाठी मिळते. माझ्या पुतण्याच्या करारात उचलणे, नेणे, धुणे आणि पुन्हा विकणे अशी चार कामे होती. चारही कामांना परवाना हवा होता आणि त्याच्याकडे फक्त दुकानाचा परवाना आणि जीएसटीचा नंबर होता.

कारखान्यालाही हा माल मनाला येईल तितके दिवस साठवता येत नाही. मुदत ९० दिवसांची आहे. वर्षाला दहा टनांपर्यंतच कचरा करणाऱ्या लहान कारखान्याला मंडळ १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. वर्षाचा हिशोब नमुना चारमध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला द्यावा लागतो. मुदत संपत आली की कारखान्याच्या स्टोअरकीपरला एकदम आपली आठवण येते आणि तो चहा पाजून गोडीगुलाबीने सांगतो, "शेठ, एवढी एक खेप घेऊन जा." वाचकांनी त्या चहाची किंमत ओळखावी.

माल निघण्यापूर्वी बांधणी आणि लेबल. गोणपाटाची गोणी इथे चालवून घेऊ नये. गोणी झिरपते, वाफ सोडते आणि स्वतःच जळते. घट्ट झाकणाचे धातूचे पिंप बरे. जवसासारख्या तेलाची चिंधी असेल तर ती पाण्यात बुडवून झाकण लावणे ही जुनी आणि खात्रीची रीत आहे. लेबलाचा नमुना क्रमांक आठ आहे. झगझगीत पिवळ्या पार्श्वभूमीवर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, न धुतले जाणाऱ्या आणि पावसात टिकणाऱ्या कागदावर. त्यात कचऱ्याचा प्रकार, वजन, साठवल्याची तारीख, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ते, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा हे सगळे येते. आणखी एक रकाना आहे जो लोक हमखास रिकामा सोडतात : कोणत्या पदार्थाजवळ हा माल ठेवू नये. वर नायट्रिक अॅसिड आणि थिनरचे सांगितले, ते याच रकान्यात लिहायचे असते.

नमुना नऊ म्हणजे वाहतुकीतल्या आणीबाणीचे कार्ड. धंद्यात त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. माल काय आहे, त्याचा धोका काय, सांडला तर काय करावे, आग लागली तर कशाने विझवावी, अंगावर पडला तर पहिला उपचार कोणता, हे त्यावर असते. ते भरून देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे आणि ते ड्रायव्हरच्या केबिनमध्येच असायला हवे, दुकानाच्या फायलीत नव्हे. माझ्या त्या ड्रायव्हरला असे कार्ड मिळाले असते तर त्याने नंग्या हातांनी गोण्या ओढल्या नसत्या. पण कार्ड तयार करायला आधी मालक जागा हवा, आणि मालक तेव्हा फुकटच्या मालाची गोणी मोजत होता.

आता सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज, नमुना दहा, म्हणजे मॅनिफेस्ट. याच्या सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पाठवणारा सातही प्रतींवर सही करतो आणि पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो. पिवळी तो वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल पोचल्यावर घेणारा गुलाबी प्रत ठेवून घेतो, बाकीच्या चारांवर सही करतो आणि नारिंगी वाहतूकदाराच्या हातात देतो. हिरवी तो मंडळाला पाठवतो आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर राखाडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला जाते. आपण हुंडीचा व्यवहार जाणतो, त्यांना हे समजायला वेळ लागू नये. निळी प्रत परत आली म्हणजे माल ठिकाणावर पोचल्याची पावती मिळाली. ती आली नाही तर माल कुठे गेला हा सवाल पाठवणाऱ्यावर उभा राहतो. आणि नारिंगी प्रत ज्याच्याकडे नाही त्या टेम्पोवाल्याने माल नाल्यात टाकला नाही हे तो कशाने सिद्ध करणार? हे काम कागदावर होवो की संगणकावर, माहिती तीच भरायची असते आणि साखळी तीच राहते.

माल राज्याबाहेर न्यायचा असेल तर आणखी काम आहे. अखेरच्या विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात पाठवायचा असल्यास दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पुनर्वापरासाठी किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी न्यायचा असल्यास दोन्ही मंडळांना आधी कळवावे लागते. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत, तेव्हा इथल्या व्यापाऱ्याला सीमा ओलांडायची गरज सहसा पडू नये.

गाडी आणि ड्रायव्हर यांचे नियम मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत आहेत. घातक मालाच्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे अशा तीन जागी माहितीची पाटी हवी. तीत मालाचे खरे नाव, त्याचा धोक्याचा वर्ग आणि अडीअडचणीचे फोन नंबर असतात. धुराड्याला ठिणगी अडवणारे यंत्र हवे. केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शनाप्रमाणे घातक कचऱ्याची गाडी शक्यतो निळ्या रंगाची आणि तिच्या मधोमध पांढरा पट्टा, आणि ती दुसऱ्या मालासाठी वापरायची नाही. सकाळी मळक्या चिंध्या आणि संध्याकाळी गव्हाची पोती, असे चालत नाही. ड्रायव्हरच्या लायसन्सवर घातक मालाचा शेरा लागतो आणि त्यासाठी त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते. पूर्वी हा शेरा दरसाल नवा करावा लागे, २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची झाली. नियम असाही आहे की त्याला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी. त्या अनुसूचीत मराठी आहे तशी उर्दूही आहे, पण अडते ते इंग्रजीपाशी. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. त्या इंग्रजी कार्डाचा अर्थ लावायला मलाही शब्दकोश काढावा लागला, मग ड्रायव्हरला दोष काय द्यायचा? माझा सल्ला आहे की मूळ कार्डाबरोबर त्याचा मराठी किंवा उर्दू तर्जुमा केबिनमध्ये ठेवावा. कायदा याला मना करत नाही. वाटेत अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्यात आणि मालकाला ताबडतोब कळवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. पळून जाणे नव्हे.

धोक्याचा वर्ग कसा ठरतो? पेटणाऱ्या द्रवाने भिजलेल्या घन मालाला संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत ३१७५ क्रमांक आहे आणि वर्ग ४.१. विषारी द्रवाने भिजलेला असेल तर ३२४३, वर्ग ६.१. जाळणारे तेजाब असेल तर ३२४४, वर्ग ८. तेलकट सुती वेस्ट, जी आपोआप तापते, तिला १३६४ आणि वर्ग ४.२. म्हणजे चिंधीला स्वतःची ओळख नाही, ती ज्या द्रवात भिजली त्याची ओळख तिला चिकटते. म्हणून कारखान्याकडून त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. ते न देणाऱ्याचा माल हातात धरू नये. ३१७५, ३२४३ आणि ३२४४ या तिन्ही क्रमांकांना एक साधी अट लागू आहे : माल भरताना किंवा पिंप बंद करताना मोकळा द्रव दिसता कामा नये. चिंधी ओली असू शकते, पण तळाशी डबके नको. डबके असेल तर ती चिंधी राहिली नाही, तो द्रव झाला आणि त्याचे नियम आणखी कडक.

अमेरिकेत २०१३ साली अशा चिंध्यांसाठी खास नियम निघाला आणि तो ३१ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. विद्रावक लागलेली चिंधी बंद डब्यात ठेवली, लेबल लावले, मोकळा द्रव काढून टाकला आणि १८० दिवसांत लाँड्रीला किंवा विल्हेवाटीला पाठवली तर घातक कचऱ्याची पुष्कळ बंधने तिला लागू होत नाहीत. धुऊन पुन्हा वापरण्याला तिथे असे उत्तेजन मिळते. आपल्या नियमांत चिंधीसाठी अशी वेगळी वाट नाही. कपडा धुवायला नेला तरी तो घातक कचराच आणि धुणाऱ्यालाही परवाना हवाच. एक व्यापारी म्हणून मला वाटते की अशी सवलत इथेही असावी. धुण्याच्या पाण्याची व्यवस्था नीट असेल तर एक कपडा दहा वेळा चालतो. पण सवलत नसताना ती आहे असे समजून वागणे ही गफलत आहे. आणि आपल्याकडे हा कपडा कॉस्टिक आणि घासलेट टाकून उघड्या गटारावर धुतला जातो, बायका-मुले ते काम करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे कायदा राहू द्या, त्या बायकांच्या हातांकडे बघा.

शिक्षेबद्दल थोडेसे. पूर्वी पर्यावरण कायद्याच्या पंधराव्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आला. कैद गेली म्हणून काहींना हायसे वाटले. पण लहान व्यापाऱ्याला पंधरा लाख म्हणजे दुकान गेले. शिवाय नुकसानभरपाईची जबाबदारी वेगळी, आणि वाहतूक ज्याने ठरवली त्याच्यावर सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी. त्या करारातले 'स्वतःच्या जबाबदारीवर' हे दोन शब्द नेमके यासाठीच लिहिले होते.

पुतण्याने काय केले? कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे आम्ही दोघे गेलो. भांडण केले नाही. नियमांची छापील प्रत ठेवली आणि सांगितले की कोरा कपडा आम्ही देतो, मळका तुम्ही अधिकृत केंद्राला द्या, त्यांची गाडी येईल. व्यवस्थापक नवा होता, त्याला ते कलम कुणी आणि का घातले हेही माहीत नव्हते. त्याने केंद्राचा दर मागवला आणि खर्च वाढतो म्हणून कपड्याच्या दरात किलोमागे दोन रुपये कमी करायला सांगितले. पुतण्या एक रुपयावर आला. कलम खोडले, दोघांनी बाजूला सह्या केल्या. टेम्पो अजूनही रिकामाच परत येतो. परतीच्या भाड्यासाठी तो आता वसाहतीच्या नाक्यावरच्या कार्डबोर्डच्या कारखान्यात विचारतो आहे.